हालबेराचा झरा

हालबेराच्या घरामागे उकळत्या पाण्याचा झरा होता. त्याच पाण्यात ती लोकर धुवायची, त्याचंच पाणी नळीतून फिरून घर ऊबदार ठेवायचं. राय नावाच्या धान्याच्या पिठाचा डबा झऱ्याकाठच्या तापलेल्या मातीत पुरला की दुसऱ्या दिवशी काळाभोर, गोडसर पाव तयार. नवऱ्याची होडी परत आली नाही, त्यानंतरचे तीस हिवाळे तिने मेंढ्यांच्या सोबतीनं एकटीनं काढले होते, पण कुडकुडत कधी काढले नव्हते.

घरं तापवायच्या तेलाची टंचाई झाली त्या वर्षी तिचा धाकटा भाऊ इंगवार वर आला. तो खाली बंदराच्या गावचा प्रमुख.

"गावात पोरं खोकून बेजार झालीत, हालबेरा. शेगड्यांचा धूर नुसता! तुझ्या जमिनीत खोल भोक पाडू दे, गरम पाणी नळानं खाली नेऊ. सगळं गाव ऊबेत राहील."

"आणि माझा झरा?"

"त्याला काय धाड भरलीय? उलट नळ पहिला तुझ्या घरी येईल. माझा शब्द."

खोकणारी पोरं तिनं पाहिली होती. तिनं सही केली.

यंत्रं आली, जमीन वर्षभर हादरत राहिली. गाव ऊबदार झालं, धुराडी पाडली गेली. दुसऱ्या शरदात झऱ्याची वाफ विरळ झाली. मग एके दिवशी हालबेरानं डबा उकरून काढला, तर आत कच्चं पीठ.

तो डबा घेऊन ती थेट गावच्या बैठकीत गेली आणि तिनं तो भावासमोर टेबलावर आदळला.

"खा!"

इंगवार खाली बघत म्हणाला, "नदीपलीकडे तुझ्या एकट्या घरासाठी नळ टाकणं जमत नाही, असं इंजिनियर म्हणतात. मी भांडलो गं."

"कधी भांडलास? कुणाशी?"

ज्यांच्या पोरांसाठी तिनं सही केली होती, ती माणसं खिडकीबाहेर बघत बसली.

त्या हिवाळ्यात तिच्या घरातली नळी गोठून फुटली. जानेवारीत तिनं मेंढ्या गावातल्या एकाला दिल्या आणि इंगवारच्या घरी, मागच्या खोलीत राहायला आली. भावजय सॉल्वेग चांगली होती. तिनं जाड गादी घातली, कॉफी दिली आणि खिडकी सताड उघडली. बाहेर बर्फ पडत होता.

हालबेरा उठून खिडकी लावू लागली.

"राहू दे गं," सॉल्वेग हसून म्हणाली, "फार गरम होतं घरात. आम्ही हिवाळाभर उघडीच ठेवतो."

"नळ बारीक कर ना मग."

"कशाला? पाण्याला काय तोटा आहे?"

हालबेरानं शाल ओढून घेतली. कॉफी तशीच ठेवून ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.