डोळे मिटायची सवय

चष्म्याच्या दुकानात तिचा शब्द शेवटचा असायचा. फ्रेम शोभत नसेल तर ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, "ही नको. यात तुम्ही सारखे रागावलेले दिसता." लोकांना वाईट वाटायचं नाही, पुढच्या वेळी ते आईला, भावालाही घेऊन यायचे. लग्न मोडलं तेव्हाही तिने आढेवेढे घेतले नव्हते. जमत नाही म्हणाली, बॅग भरली आणि दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला आली. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

बेकरीवाला आला तो जवळचं वाचायचा चष्मा करायला. पीठ मळून जाडजूड झालेले हात, बोलणं मोजकं, हसणं मात्र सढळ. नंबर काढताना तो तिला "डॉक्टरीणबाई" म्हणाला. "मी डॉक्टर नाही. हनुवटी वर करा," तिने दटावलं. चष्मा तयार झाल्यावरही त्याच्या खेपा चालूच राहिल्या. कधी दांडी सैल झाली म्हणून, कधी काच पुसायचं फडकं हरवलं म्हणून. शेवटी तिनेच विचारलं, "दांडी सैल करायला घरी स्क्रूड्रायव्हर ठेवलाय का?" तो कानापर्यंत लाल झाला आणि तिथून पुढे निमित्तांची गरज उरली नाही.

सोमवारी बेकरी बंद असायची. त्या दिवशी दुपारी ती दुकानाचं शटर अर्धं ओढून वर जायची. पडद्यातून पिवळट उजेड यायचा, खाली कुणीतरी टेम्पोतून खोकी उतरवत असायचं आणि तो पलंगाच्या कडेला बसून बुटांच्या नाड्या सावकाश सोडायचा. तो सगळंच सावकाश करायचा.

तिथेच तिचं अडत होतं. तो जवळ आला की तिला बरं वाटायचं, ऊब वाटायची, पण त्यापुढे अंग ढिम्म हलत नसे. मग ती डोळे घट्ट मिटायची आणि मनातल्या मनात फोनवरची एखादी तसली क्लिप लावायची. ही सवय लग्न मोडल्यावर लागलेली. आधी एकटं वाटतं म्हणून, मग झोप यावी म्हणून, आणि नंतर दात घासण्याइतकी अंगवळणी पडली. एक आवडली नाही की दुसरी, तीही नको तर तिसरी. अंगठा सरकवला की माणसं बदलायची. बेकरीवाला असा सरकवता येत नव्हता. मनातली क्लिपही पुरेनाशी झाली तेव्हा तिने सरळ नाटक करायला सुरुवात केली. तो खूश होऊन तिच्या खांद्यावर डोकं टेकायचा आणि ती छताकडे बघत स्वतःवरच चिडायची. गिऱ्हाइकाला फ्रेमबद्दल खोटं न सांगणारी आपण, या माणसाला फसवतोय.

एका सोमवारी तो मधेच थांबला. उशीला टेकून बसला.

"तू कुठे जातेस गं?"

"कुठे जाणार? इथेच आहे."

"नाही. डोळे मिटलेस की तू इथे नसतेस. आधी वाटलं लाजतेस. पण तू कसली लाजतेस?"

हसून वेळ मारून नेता आली असती. डोकं दुखतंय म्हणता आलं असतं. ती उठून बसली, चादर अंगाभोवती ओढून घेतली आणि सांगून टाकलं. फोन, रोजची सवय, मिटल्या डोळ्यांमागचा सिनेमा, शेवटी केलेलं नाटक, सगळं. काही हातचं राखलं नाही.

तो म्हणाला, "हे पुरुषांचं असतं असं वाटायचं मला."

"फोन बायकांकडेही असतात."

"म्हणजे मी कमी पडतो."

"तू कमी पडत नाहीस. मला घाईची सवय झालीये आणि तू घाई करत नाहीस. बिघाड माझ्याकडे आहे, तो मी दुरुस्त करणार. तुला सांगितलं, कारण तू विचारलंस."

त्याने शर्ट घातला. रागावला नाही, पण चेहरा पडला होता. जाताना दार हळूच लोटून घेतलं, ते तिला जास्त लागलं.

तिच्या थोरल्या बहिणीला, ताईला, कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "अगं, सांगायची काय गरज होती? इतकं छान चाललं होतं."

"त्याचं छान चाललं होतं, ताई. माझं कुठे?"

ताई चहा ठेवायला उठली.

फोनवरचं सगळं तिने पुसून टाकलं आणि रात्री फोन खाली दुकानाच्या गल्ल्यात ठेवायला लागली. बेकरीवाला परत येवो न येवो, हे आपल्यासाठीच, असं तिने ठरवलं होतं. तरी सोपं गेलं नाही. झोप उडाली, चिडचिड वाढली, एका म्हाताऱ्या गृहस्थांना उगाच फटकारलं आणि मागाहून त्यांची माफी मागितली. एकदा मोह आवरला नाही, तेव्हा जिना उतरून गल्ला उघडलाही. पण दुसऱ्या दिवशी डोक्यात राख घालून न घेता पुन्हा नव्याने सुरुवात केली.

मधला सोमवार कोरडा गेला. त्यानंतर एके दिवशी भर दुपारी, दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना, बेकरीवाला हजर झाला. गिऱ्हाइकं जाईपर्यंत फ्रेमा न्याहाळत उभा राहिला.

"मी बघितलं ते," तो म्हणाला. "तू बघतेस तसलं. तासभर."

"मग?"

"कुणी कुणाशी बोलतच नाही गं त्यात. नाव नाही विचारत, पाणी नाही विचारत."

ती इतकी हसली की काउंटरला धरून उभं राहावं लागलं. मग तोही हसला आणि लगेच गंभीर झाला. "मला राग आला होता. आता थोडा उरलाय. पण तू खरं सांगितलंस. माझी बायको मला सोडून गेली तेव्हा मला सगळ्यांत शेवटी कळलं होतं."

"तर ऐक," ती म्हणाली. "मला वेळ लागेल. मी नाटक करणार नाही. काही झालं नाही तर नाही झालं, तोंड पाडून बसायचं नाही. आणि मला काय हवं ते मी सांगणार. तूही सांगायचं."

"मला सांगायला लाज वाटते."

"शिक."

पुढचे काही सोमवार फार काही घडलं नाही. गप्पा झाल्या, पाठ चोळून देणं झालं, एकदा नुसती झोप झाली. सिनेमा डोक्यात सुरू व्हायला लागला की ती डोळे उघडायची आणि त्याच्याकडे बघायची: भुवईवरचा भाजल्याचा डाग, मानेवरचे पांढरे केस. "इथे," ती सांगायची. "असं नको, तसं." तोही चाचरत बोलायला लागला. मग एका दुपारी, ती कसलीच वाट बघत नसताना, तिचं अंग आपोआप जागं झालं. डोळे उघडे होते. आश्चर्यच वाटलं तिला, आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं. तो घाबरला. "दुखलं का?"

"नाही रे. गप्प बस आता."

दोघं गाढ झोपली. जाग आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते आणि दुसऱ्या दिवशीच्या पावाचं पीठ भिजवायची वेळ कधीच टळून गेली होती. बेकरीवाला एक बूट घालून दुसरा शोधत खोलीभर फिरला. तीही चप्पल सरकवून त्याच्याबरोबर निघाली. बेकरीत त्याने तिला एप्रन बांधून दिला आणि तिने वळलेले पाव इतके वेडेवाकडे झाले की सकाळी गिऱ्हाइकं विचारत होती, नवीन माणूस ठेवलाय का? "हो," तो म्हणाला, "ठेवलाय. शिकेल हळूहळू."