घुमरूचा उजवा पंजा

मित्रांनो, मी टीव्हीवरचा एक जुना नायक आहे. जातीने अस्वल, नाव घुमरू. तुमचे आईबाबा लहान होते तेव्हा मी रविवारी सकाळी दिसायचो. डोक्याने जरा मंद, मधाचा लोभी, पण राग मला कधीच येत नसे. कुठे पूर आला, कुठे गाडी उताराला लागली, की मी उजवा पंजा वर करायचो आणि सगळे जागच्या जागी थांबायचे. मग मी आधी विचारायचो, "कोणाला लागलं तर नाही ना?"

पुढे माझा कार्यक्रम बंद झाला. पण सडक अर्जुनीजवळच्या एका गावात केवलराम पेंटरने मला शाळेच्या भिंतीवर आठवणीतून काढले. बैलबंडी रंगवून उरलेला तपकिरी रंग माझ्या अंगाला आला. समोरून मोठा रस्ता जातो. शाळा सुटली की मुले माझ्या पंजाखाली उभी राहून हात वर करत, आणि ट्रक खरोखरच हळू होत. घुमरू ट्रक थांबवतो, असे सगळी मुले सांगत. मलाही ते खरे वाटू लागले.

मात्र मी रोज नीट पाहत होतो. ट्रक माझ्यासमोर नाही, माझ्या वीस पावले अलीकडे हळू होत. धुक्यात मी दिसत नसे, तेव्हाही होत. तिथे एक गतिरोधक होता. काम त्याचे आणि कौतुक माझे.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत रस्ता नव्याने डांबरला आणि गतिरोधक गेला. मोठ्यांनी गुळगुळीत रस्ता वाखाणला. शाळा उघडली. भिंतीवर मी तसाच, पंजा वर करून. काय बदलले ते मला कळत होते, पण माझे तोंड रंगाचे आहे.

काल, शनिवारी, तिसरीतल्या आचलने धाकट्या बहिणीला, रुचीला, कडेला उभे केले, हात वर केला आणि ती रस्त्यात उतरली. धानाची पोती भरलेला ट्रक वेगात येत होता. मी सारे बळ लावले. माझ्या खांद्यावरचा रंगाचा एक पोपडा सुटला, तेवढेच.

ट्रकची चाके करकरली. तो आचलपासून दोन हातांवर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. मला वाटले, तो रागावेल. त्याने विचारले, "बेटी, कहीं लगी तो नहीं?"

ते माझे वाक्य होते.

आचलने नाही म्हणून मान हलवली. मग माझ्याकडे पाहून हसली आणि रडणाऱ्या रुचीला म्हणाली, "भिऊन काऊन राहिली? थांबवला नं घुमरूनं. सोमवारी तू करजो हात वर."

मित्रांनो, आज रविवार आहे. एकेकाळी या दिवशी मुले माझी वाट पाहत. आज मी तुमची पाहतो आहे. गतिरोधक परत बसेल तेव्हा बसेल. तोवर चुन्याची एक बादली आणा, आणि उद्याची घंटा होण्याआधी माझा पंजा पुसून टाका.