खडूची रेघ

मित्रांनो, मी एक जुना ठोकळा आहे. शिशाच्या मिश्रधातूचा. दिसतो लहान, पण उचलताना भल्याभल्यांचा हात खाली जातो.

माझा जन्म रुग्णालयाच्या तळमजल्यावरचा. रुग्णाच्या एक्स-रेवरून फोमचा साचा कापायचा, त्यात वितळलेला धातू ओतायचा आणि काम संपले की आम्हाला वितळवून पुढच्या रुग्णासाठी पुन्हा ओतायचे. मी असा कितीदा जन्मलो, ते आठवत नाही. काम मात्र एकच, किरणांच्या वाटेत नुसते बसून राहायचे. आळशी माणसाला आणखी काय हवे?

माझा शेवटचा साचा एका बसचालकासाठी कापला गेला. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. शिवणकाम करणारी त्याची थोरली बहीण आपले एक त्याला देणार होती. पण शरीर मोठे संशयी असते हो! सख्ख्या बहिणीचे मूत्रपिंडही त्याला परके वाटते आणि त्याच्या पहारेकरी पेशी त्यावर तुटून पडतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी या पेशींच्या गाठींवर रोज थोडे किरण सोडून पहारा ढिला करायचा, असे डॉक्टरांनी ठरवले. फुप्फुसांना मात्र किरण लागू द्यायचे नव्हते. ते त्या थकलेल्या जिवाला सोसले नसते. डावे फुप्फुस माझ्याकडे होते, उजवे माझ्या जोडीदाराकडे.

तो रोज आधी उताणा झोपे, मग पालथा. पालथा झाला की आम्हाला उलटे करून आमच्या जागा बदलाव्या लागत. सहाव्या दिवशी टेक्निशियनबाई मध्येच फोन घ्यायला गेल्या आणि परतल्यावर नेमके तेच विसरल्या.

भावाला वळवून बहीण दाराकडे निघाली होती. यंत्राच्या दिव्यात माझी सावली त्याच्या पाठीवर पडलेली पाहून ती थबकली.

"अहो, कापड उलटं केलं की डावी बाजू उजवीकडे जाते ना? मग हे ठोकळे होते तिथेच कसे?"

टेक्निशियनबाई धावत आमच्याकडे आल्या. "थांबा. बरं झालं बोललात. चुकलंच माझं."

"लहानपणापासून माझ्या चुका काढतेस ताई," पालथा भाऊ उशीतून म्हणाला, "आज दुसऱ्यांच्याही!"

बहिणीने पिशवीतून शिवणाचा खडू काढला आणि आम्हा दोघांवर एकेक रेघ ओढली. "हा उताणा असला की रेघ वर, पालथा असला की खाली. आम्ही कापडाला असंच करतो."

मला आधी जरा रागच आला. इतके जन्म घेतले, पण माझ्यावर कोणी रेघोट्या ओढल्या नव्हत्या. मग शस्त्रक्रिया झाली. बातमी येईपर्यंत मला जोडीदारासह फळीवर ठेवले होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. आठवडे गेले, महिने गेले. भावाच्या शरीराने बहिणीचे मूत्रपिंड आपले मानले. "यांना वितळवू नका," टेक्निशियनबाईंनी सगळ्यांना बजावले.

आता यंत्रांतच किरण अडवणाऱ्या सरकत्या पट्ट्या आल्या आहेत, आमची गरज उरली नाही. मी प्रशिक्षणाच्या खोलीत असतो. नवी माणसे मला उलटसुलट करून पाहतात आणि बाईंची चूक बाईंच्याच तोंडून ऐकतात. मजेत आहे मी.

काल ती दोघे तपासणीला आली होती, तेव्हा माझ्या खोलीतही डोकावली. चौदा वर्षे झाली. भावाने मला उचलले.

"ताई, आतलं तुझं की माझं, हेच आता लक्षात राहत नाही."

"तुझंच आहे. पाणी पीत जा वेळेवर."

मित्रांनो, काही खटकले तर विचारायला लाजू नका आणि कोणी विचारले तर रागावू नका. माझ्यावरची रेघ पुसट झाली होती. जाता जाता बहिणीने चष्मा लावला, पिशवीतून खडू काढला आणि ती पुन्हा ठळक केली.