साठ किलोंचे आजोबा

सलग दुसरी पाळी, वॉर्डात चोवीस खाटा आणि जोडीची सिस्टर रजेवर. सिस्टरच्या पायांचे नुसते तुकडे पडले होते. सात नंबरच्या आजोबांना दहा वाजता रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन द्यायचं होतं. कॉम्प्युटर रोजचं वजन घेतल्याशिवाय डोस सांगत नाही, आणि वजनाची खुर्ची कॉरिडॉरच्या पार टोकाला. आजोबांना तिथवर न्यायला दोन माणसं हवीत. आणायची कुठून? मग तिनं रोजचंच केलं. कालचं वजन उचललं, आजच्या रकान्यात टाकलं. साठ. हिरवी खूण आली. आपण सगळेच असे रकाने भरतो हो. भरला की सुटलो!

तेवढ्यात फोन वाजला. खालच्या औषध विभागातले काका. प्रत्येक चिठ्ठीवर काहीतरी विचारणारच, म्हणून अख्खा दवाखाना त्यांना शंकाकाका म्हणायचा.

"सिस्टर, सात नंबरच्या पोटात तीन आठवडे धड अन्न नाही. तरी वजन रोज साठच?"

"काका, हात जोडते. सॉफ्टवेअरनं पास केलंय. त्याच्यापेक्षा तुम्ही-आम्ही शहाणे का?"

"थांब, वर येतो."

आले, धापा टाकत. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय म्हणतंय ते नीट ऐक. वजन साठ असेल, तर हा डोस बरोबर. बस्स. त्याचं गणित पक्कं आहे, शंभरदा तपासलेलं. पण वजन साठ आहे असं ते कुठं म्हणतंय? ते तू म्हणतेस, बाई."

"आणि मला कोणी सांगितलं? भरतीच्या दिवशी यांच्या सूनबाईंनी!"

उशाशी उभी असलेली सून कावरीबावरी झाली. "अहो, मी आपलं अंदाजानं सांगितलं. आजारपणाच्या आधीचं असेल."

तिघांनी मिळून आजोबांना खुर्चीपर्यंत नेलं. आकडा त्रेचाळीसवर थांबला.

बाप रे! सिस्टरनं दिवस मोजले. चार दिवस हाच डोस चालू होता. सकाळी आजोबांच्या हिरड्यांतून रक्त आलं, ते तिनं ब्रश लागला असेल म्हणून पुसून टाकलं होतं.

"काका, माझी नोकरी जाईल."

"जाईल की राहील, मला ठाऊक नाही. पण हे डॉक्टरांना आत्ता कळलं नाही, तर आजोबा जातील."

तिनं फोन उचलला. सून ऐकत होती, तरी आवाज खाली केला नाही. "डॉक्टर, वजन न मोजता मी भरलं. चूक माझी आहे." इंजेक्शन थांबलं, रक्त तपासायला गेलं, औषध बदललं. दोन दिवसांनी रक्त यायचं थांबलं. आजोबा वाचले. सिस्टरला लेखी समज मिळाली, ती तिनं मुकाट्यानं घेतली. वजनाची खुर्ची मात्र वॉर्डाच्या दारात आली, आणि वजनाच्या रकान्यापुढे आता एक प्रश्न येतो: मोजलं, की अंदाज?

मंडळी, यंत्र चोख विचार करील, पण खरं काय ते त्याला आपणच सांगायचं असतं. दवाखान्यात घरच्या माणसाचं वजन विचारलं, तर ठोकून देऊ नका. "मोजा" म्हणा. समोरची सिस्टर दमलेली असेल, वैतागेलही. तरी म्हणा, आणि खुर्चीपर्यंत न्यायला स्वतः हात लावा.