कोंबड्यांच्या यंत्रातली कासवं

नुकुस शहरात आमच्या तोलिबायने जुन्या फ्रिजात दिवा लावून कासवाची अंडी उबवली. पिल्लं बघायला सगळी गल्ली लोटली, शेजारच्या बेर्दीमुरातची बायकोसुद्धा. बेर्दीमुरातच्या पोटात दुखू लागलं. अंडी त्याच्याही कासविणीने घातली होती. तो उबवणीयंत्र आणायला बाजारात गेला.

"काय उबवायचंय, दादा?" दुकानदाराने विचारलं.

तोलिबायला सुगावा लागू नये म्हणून हा म्हणाला, "कोंबड्या."

मिळालं ते तासातासाला अंडी उलटणारं यंत्र. कासवाचं अंडं तर जागचं हलवायचंही नसतं. तरी पिल्लं निघाली, मी स्वतः पाहिली. फक्त ती तासातासाला आपणहून पाठीवर उलटायची.

"कासवं पाळलीत की रोट्या भाजताय?" बायको त्यांना सुलटं करत म्हणाली.

गल्ली आता इकडे लोटली. तोलिबाय कुंपणाशी येऊन हळूच म्हणाला, "यंत्र कुठल्या दुकानातलं रे?"