चूक सांगायची तिवई

मी तिवई बोलतेय. इकडे बघा, कटिंगच्या टेबलाशेजारी. तुम्ही मला स्टूल म्हणाल, पण स्टुलाला चार पाय असतात आणि मला तीनच. सुताराकडे चौथ्या पायापुरतं लाकूडच उरलं नव्हतं. "तीनवर पण उभी राहते की नाही बघा," म्हणत त्याने मला खडबडीत जमिनीवर ठेवलं. मी जराही डुगडुगले नाही, आणि आजतागायत डुगडुगलेली नाही. हे मी ऐटीत सांगतेय, आणि का सांगू नये? माझ्यावर बसलेली माणसं मात्र पुष्कळदा थरथरली आहेत.

आमच्या कारखान्यात सेफ्टी बेल्ट शिवतात. उंच इमारतींच्या काचा पुसणारी माणसं दोराला लटकून काम करतात ना, त्यांच्या खांद्याकमरेला असतात ते पट्टे. बारा शिलाई मशिनी, एक कटिंग मास्तर आणि सगळ्यांच्या वर मावशी. सख्खी मावशी ती एकाच मुलीची, पण अख्खा कारखाना तिला मावशीच म्हणायचा.

मला आणलं होतं मावशीच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी. पण आठवडाही झाला नसेल, तोच मावशीच्या हातून वीस बेल्टांच्या कड्या उलट्या शिवल्या गेल्या. दुसरं कुणी असतं तर गुपचूप उसवत बसलं असतं. मावशीने सगळ्या मशिनी थांबवल्या, मला मधोमध ओढलं, माझ्यावर बसली आणि म्हणाली, "आज चूक माझी आहे. वीस कड्या उलट्या लागल्यात. आता काय करायचं, सांगा."

मालकीण चूक कबूल करतेय! सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मग मास्तर खाकरले, "मावशी, कडीच्या सुलट बाजूला आधीच खडूची खूण करू या का?" झालं, त्या दिवसापासून खडूची खूण सुरू झाली आणि माझी नोकरीही.

रीत साधी होती. ज्याची चूक, त्याने माझ्यावर बसून ती सांगायची. बसलेल्याला कुणी ओरडायचं नाही. "कुणी केलं?" हा प्रश्नच नाही, कारण चुकणारा समोर बसलेलाच असायचा. विचारायचं एवढंच, "आता काय करायचं?" सांगून झालं की मावशी स्वतःच्या हाताने त्याला चहा द्यायची.

सगळ्यात जास्त चहा प्यायली ती घाईबाई. हे आम्ही पाडलेलं नाव. बाईचा हात विजेसारखा आणि डोकं त्याच्याही पुढे. ती माझ्यावर टेकायच्या आधीच बोलायला लागायची. पण खरं सांगू? आमच्या निम्म्या सुधारणा तिच्याच चुकांतून निघाल्या. मी काही शिकलेली नाही, पण काम कसं उभं राहतं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

पुढे मावशीचे गुडघे पारच गेले आणि कारखाना तिच्या भाचीच्या हाती आला. मुलगी हुशार, कामाला वाघीण. सगळे तिला ताई म्हणायला लागले. तिला एकच भीती होती: मावशीसारखं आपल्याला जमलं नाही तर? म्हणून तिने भिंतीवर एक मोठा फळा लावला. त्यावर प्रत्येकाचं नाव आणि चुकेल त्याच्या नावापुढे लाल टिकली. मला उचलून फळ्याखाली ठेवलं. टिकली मिळाली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथे बसून राहायचं. चहा बंद.

घाईबाई एकदाच बसली. तास दीड तास मान खाली घालून होती बिचारी. तिचे अश्रू माझ्या फळीवर पडले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिथे माणूस हलका व्हायचा, तिथेच त्याला दाबून ठेवायचं? अगं, कुणाच्या डोक्यातून निघालं हे!

त्यानंतर माझ्यावर कुणी बसलंच नाही. तीन महिने फळ्यावर एकही नवी टिकली नाही. ताई खूश झाली. "बघा, एकही चूक नाही!" म्हणाली. आणि आता काम काय उरलंय म्हणून तिने मला सामानाच्या खोलीत टाकलं, वर बकलांची दोन खोकी ठेवली. माणसं चुकायची थांबलेली नव्हती, नुसती बोलायची थांबली होती. पण माझं ऐकतंय कोण?

मग नव्वद बेल्टांची मोठी ऑर्डर आली. वेळ कमी होता, म्हणून ताईने स्वतः मशिनींच्या खालच्या दोऱ्याच्या बॉबिनी भरून दिल्या. सगळे बेल्ट वेळेत शिवून झाले. गाडी दारात लागली, माल चढायला लागला, आणि मास्तर सहज म्हणाले, "ताई, बेल्ट भरायच्या पिशव्या शिवायचं माझं नारिंगी रीळ दिसलं का कुठे? सुती होतं."

ताई बॉबिनी भरून रिकामं झालेलं रीळ आणि एक बेल्ट घेऊन तडक माझ्या खोलीत आली. दार लोटलं. खालच्या टाक्याचा दोरा ओढून तिने त्याला काडी लावली. बेल्टांचा दोरा नायलॉनचा; तो जळताना वितळतो, त्याचा टणक मणी होतो. इथे मणी झालाच नाही, नुसती राख पडली. रंग तोच, पण दोरा पिशव्यांचा! तो भार घेणार नव्हता.

हे फक्त तिला ठाऊक होतं आणि मला. वरचे टाके नायलॉनचेच होते, बघून कुणाला कळलंही नसतं. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. तिने रीळ पर्समध्ये टाकलं. पण बाहेर जायच्या ऐवजी तिने खोकी बाजूला ढकलली आणि ती मटकन खाली बसली. माझ्यावर!

आपण कशावर बसलोय हे तिच्या क्षणभराने लक्षात आलं. तिने माझ्या फळीवरून हात फिरवला. मग डोळे पुसले, रीळ पर्समधून काढलं आणि मला काखोटीला मारून बाहेर आली.

"मशिनी थांबवा. गाडी थांबवा." ती मधोमध बसली. "चूक माझी आहे. बॉबिनी मी भरल्या, सुती दोऱ्याने. नव्वदच्या नव्वद बेल्ट कच्चे आहेत."

मग घाईबाई उठली. "ताई, आता काय करायचं?" तिने विचारलं. "आणि ऐका, खालचा दोरा सारखा तुटत होता माझ्या मशीनवर. मला कळलं होतं. टिकलीच्या भीतीने बोलले नाही मी." तिच्यामागून आणखी दोघी उठल्या, त्यांनाही तेच कळलं होतं. मास्तरांनी फळा उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला.

ताईने गिऱ्हाइकाला स्वतः फोन केला, बोलणी खाल्ली आणि दोन दिवस मागून घेतले. सगळे बेल्ट उसवले, पुन्हा शिवले. चहा तिने केला. बेचव होता म्हणे, पण सगळ्यांनी मिटक्या मारत प्यायला. मावशीला हे कळलं तेव्हा ती फोनवर एवढंच म्हणाली, "आता शिकलीस गं पोरी."

तेव्हापासून मी पुन्हा इथे, माझ्या जागेवर आहे. एक पाय किडीने पोखरलाय, किती वर्षं काढेन ठाऊक नाही. माझं मागणं एकच आहे. माझ्या जागी नवी आणाल तेव्हा तिला भिंतीला लावू नका, मधे ठेवा. आणि पहिल्यांदा थोरल्याने बसा.

आणि हो, एक सांगायचं राहिलंच. त्या ऑर्डरची गाडी दोन दिवसांनी पुन्हा आली, तेव्हा काचा पुसणाऱ्यांतला एक गडी बेल्ट घालून बघायला सोबत आला होता. त्याने बेल्ट चढवला, दोन हिसडे दिले आणि खुशाल माझ्यावर येऊन बसला. सवयीने सगळ्या मशिनी थांबल्या.

"काय चुकलं, दादा?" घाईबाईने विचारलं.

"कुठे काय? बुटाची नाडी सुटली."

सगळे खो खो हसले. ताई तेवढी हसली नाही. ती त्याच्या पाठीवरचा टाका न् टाका बोटाने चाचपत होती. चांगला भरभक्कम गडी होता. हेच वजन उद्या विसाव्या मजल्यावर आमच्या बेल्टला लटकणार होतं. मी ते आधी माझ्यावर तोलून घेतलं आणि मनात म्हटलं, जा बाबा, बिनधास्त जा.