गळका व्हॉल्व्ह

कामठ्याला आमच्या वांग्याच्या वाडीत वानरं फार. म्हणून माझा नवरा वीरेंद्र जुनी पेंटबॉलची, गॅसच्या जोरावर रंगाच्या गोळ्या मारणारी बंदूक घेऊन आला. तिचा व्हॉल्व्ह गळका. सिलिंडर उघडला की फुसफुस सुरू.

तेव्हापासून जेवतानाही मोबाईलवर व्हॉल्व्हच. एक गॅस वाचवणारा, दुसरा गोळी जोरात फेकणारा. ठरता ठरेना.

काल वानरं उतरली. बंदुकीत गोळ्याच नव्हत्या. त्यानं नुसता सिलिंडर उघडला. ती फुसफुस ऐकून, साप समजून की काय, सगळी वानरं पळाली. एकही वांगं गेलं नाही.

"आता व्हॉल्व्ह कायले बदलता?" मी विचारलं.

"जोराचाच घेतो," तो म्हणाला. "आज एकालेबी गोळी हाणता आली नाही ना!"

म्हणजे बंदूक वांग्यांसाठी नव्हतीच.